गावातील मंडळाचे पदाधिकारी झाल्यावर करावयाची कामे

पोळा संपून गणेशचतुर्थीला जेमतेम चार दिवस उरले, की आमच्या भागातील गावोगावी मंडळांच्या बैठका भरतात. मारुतीच्या पारावर सतरंजी अंथरली जाते, कोणी नाव सुचवतो, कोणी अनुमोदन देतो आणि दहा मिनिटांत गावाला नवा अध्यक्ष, नवा सचिव आणि नवा कोषाध्यक्ष मिळतो. दुसऱ्या दिवशी बसथांब्याजवळ अभिनंदनाचा फलक लागतो. मात्र त्या तिघांनी नेमके काय करायचे आहे, हे त्यांना बहुधा कोणीच सांगत नाही. आर्वी तालुक्यातील एका गावच्या मंडळात मी सहा वर्षे सचिव आणि तीन वर्षे कोषाध्यक्ष होतो. पहिली दोन वर्षे मी चुका करण्यात आणि पुढची दोन त्या निस्तरण्यात घालवली. तुमची ती चार वर्षे वाचावीत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

हा लेख मुख्यतः नोंदणीकृत मंडळांसाठी आहे. महाराष्ट्रात अशा मंडळाची नोंदणी सहसा दोन कायद्यांखाली झालेली असते. पहिला संस्था नोंदणी अधिनियम १८६०, ज्यासाठी किमान ७ सभासद लागतात, आणि दुसरा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०. त्यामुळे मंडळाला दोन नोंदणी क्रमांक असतात आणि त्यांपैकी दुसरा बहुधा ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो. या दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने कार्यकारिणीतील सदस्य हे विश्वस्त असतात. विश्वस्ताच्या गंभीर निष्काळजीपणामुळे किंवा पैशाच्या गैरवापरामुळे मंडळाचे नुकसान झाले, तर चौकशीनंतर ती रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. पद स्वीकारताना ही गोष्ट घरी सर्वांना सांगावी.

१. प्रथम मंडळाची घटना वाचा

मंडळाचे ज्ञापन आणि नियमावली यांना आपण एकत्रितपणे ‘घटना’ म्हणतो. ती सहसा आठ-दहा पानांची असते आणि एका संध्याकाळी वाचून होते. वाचताना पुढील बाबी वेगळ्या कागदावर उतरवून घ्याव्यात: कार्यकारिणीची मुदत किती वर्षांची आहे, सभेची सूचना किती दिवस आधी द्यावी लागते, गणसंख्या (सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती) किती आहे, बँकेतून पैसे काढण्यासाठी कोणाच्या सह्या लागतात, आणि समसमान मते पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत आहे किंवा नाही.

शेजारच्या गावात असे चालते म्हणून आपल्याकडेही तसेच चालेल, असे समजू नये. आमच्या घटनेत मुदत तीन वर्षांची होती, परंतु गावात दरवर्षी नवे पदाधिकारी निवडण्याची प्रथा पडली होती. त्यामुळे दर वर्षाची निवड कागदावर नियमबाह्य ठरत होती आणि ही गोष्ट कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती.

२. दप्तर ताब्यात घ्या

माझ्या मते नव्या पदाधिकाऱ्याचे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. जुन्या पदाधिकाऱ्यांशी संबंध कसेही असोत, त्यांच्या घरी जावे, चहा घ्यावा आणि पुढील वस्तू मोजून ताब्यात घ्याव्यात:

– दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रे आणि घटनेची प्रमाणित प्रत
– अनुसूची १ चा उतारा (यात नोंदणी कार्यालयाच्या दृष्टीने सध्याचे विश्वस्त कोण, ते कळते)
– सर्वसाधारण सभा व कार्यकारिणी सभा यांची कार्यवृत्त पुस्तके आणि सूचना वही
– सभासद नोंदवही व वर्गणी नोंदवही
– रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेनिहाय हिशोबाची वही), व्हाउचर फाइल, वापरलेली व कोरी पावती पुस्तके
– बँक पासबुक, धनादेश पुस्तिका, मुदत ठेवीच्या पावत्या
– मंडळाच्या नावाचे पॅन कार्ड
– मागील लेखापरीक्षण अहवाल आणि ते दाखल केल्याच्या पोचपावत्या
– जडवस्तू नोंदवही (भांडी, सतरंज्या अशा टिकाऊ वस्तूंची), शिक्के आणि किल्ल्या

यादीच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही घ्यावी. जे मिळाले नाही, त्यापुढे ‘प्राप्त नाही’ असे स्पष्ट लिहावे. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण समोर आपल्याच नात्यातले काका बसलेले असतात. परंतु तीन वर्षांनी हिशोबाचा प्रश्न निघाल्यास हाच कागद त्यांचीही बाजू सांभाळतो, हे त्यांना समजावून सांगितले, तर कोणी रागावत नाही.

मंडळाचे समाजमंदिर किंवा खोली असल्यास ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये तिची नोंद कोणाच्या नावे आहे, तेही याच आठवड्यात पाहून घ्यावे. एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक नावावर नोंद राहिली असेल, तर ती दुरुस्त करण्याची वेळ तो कार्यकर्ता हयात असतानाच असते.

३. बदल अर्ज ९० दिवसांच्या आत दाखल करा

निवड झाली म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नोंद झाली, असे होत नाही. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार कार्यकारिणीत झालेला बदल ९० दिवसांच्या आत जिल्ह्याच्या ठिकाणच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयास (म्हणजेच धर्मादाय कार्यालयास) कळवावा लागतो. यालाच सर्वजण ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात आणि तो अनुसूची ३ च्या नमुन्यात भरावा लागतो. सोबत सभेच्या सूचनेची प्रत, ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा, कार्यवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे, जुन्यांचे राजीनामे (निधन झाले असल्यास मृत्यूचा दाखला) आणि प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

याशिवाय संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम ४ नुसार कार्यकारिणीची यादी दरवर्षी, वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर १४ दिवसांच्या आत द्यायची असते. हे काम एका पानाचे आहे.

आमच्याकडे काय झाले, ते सविस्तर सांगतो. मी सचिव झालो तेव्हा बँकेत सह्यांचा नमुना बदलण्यासाठी गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी अनुसूची १ चा ताजा उतारा मागितला. तो काढला, तेव्हा त्यात अध्यक्ष म्हणून ज्यांचे नाव होते, ते वारून चार वर्षे झाली होती. अकरा वर्षांत एकही बदल अर्ज गेला नव्हता. मग मधल्या प्रत्येक निवडीचा अर्ज क्रमाने, विलंब माफीच्या विनंतीसह, दाखल करावा लागला. दोन वर्षांची कार्यवृत्ते वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे त्या सभांना हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रे गोळा करण्यासाठी मी पुलगाव, वर्धा आणि थेट नागपूरपर्यंत फिरलो. ते प्रकरण निकाली निघेपर्यंत मंडळाचे खाते जवळजवळ गोठलेले होते आणि त्या वर्षी मुलांच्या कबड्डी स्पर्धेचा खर्च आम्ही चौघांनी खिशातून केला. हे सर्व टाळण्यासाठी निवडीच्या दिवशीच दिनदर्शिकेवर नव्वदावा दिवस लाल शाईने गोल करून ठेवावा.

४. अध्यक्षांची कामे

अध्यक्ष म्हणजे सत्कार स्वीकारणारी व्यक्ती, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रत्यक्षात अध्यक्षांचे पहिले काम सभा चालवणे हे आहे. विषयपत्रिकेतील क्रम पाळणे, एकाच वेळी एकानेच बोलावे हे पाहणे, कोपऱ्यात गप्प बसलेल्याला नाव घेऊन विचारणे आणि चर्चा संपल्यावर ठराव स्पष्ट शब्दांत वाचून घेऊन मतास टाकणे, या चार गोष्टी ज्या अध्यक्षांना जमतात, त्यांच्या मंडळात भांडणे कमी होतात. महिला सभासद पारावरच्या सभेत बोलण्यास संकोचत असतील, तर सभा शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात घ्यावी. आम्ही जागा बदलल्यानंतर पहिल्याच सभेत बचत गटातील दोघींनी महाप्रसादाच्या खर्चातील वाढ नेमकी कोठे झाली, ते दाखवून दिले.

दुसरे काम देखरेखीचे आहे. महिन्यातून एकदा रोजकीर्द आणि पासबुक समोरासमोर ठेवून पाहावे आणि तारखेसह सही करावी. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवू नये. शेतात फवारणी चालू असताना कोषाध्यक्ष घाईने धनादेश घेऊन आले, तरीही रक्कम आणि नाव लिहिल्याशिवाय सही करू नये.

तिसरी गोष्ट हितसंबंधांची. अध्यक्ष स्वतः किंवा त्यांचे भाऊ मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय करीत असतील, तर त्या विषयापुरते त्यांनी अध्यक्षस्थान सोडावे आणि तशी नोंद कार्यवृत्तात करावी. सरपंच किंवा ग्रामपंचायत सदस्य मंडळात पदाधिकारी असल्यास ग्रामपंचायतीकडून मदत घेण्याच्या विषयावरही हेच करावे. लहान गावात सर्वच नातेवाईक असतात, म्हणूनच हा नियम अधिक कसोशीने पाळावा लागतो.

मंडळाची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी, अदलाबदल करण्यापूर्वी, दान देण्यापूर्वी किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ही मर्यादा शेतजमिनीसाठी १० वर्षांची आणि बिगरशेती जमीन किंवा इमारतीसाठी ३ वर्षांची आहे. मंडळाच्या नावे कर्ज काढण्यासही परवानगी लागते. गावाने एकमुखाने ठरवले, हे कारण येथे चालत नाही.

५. सचिवांची कामे

मंडळाची स्मरणशक्ती सचिवांच्या हाती असते. सूचना, कार्यवृत्त आणि पत्रव्यवहार ही तीन कामे त्यांची.

सूचनेत सभेची तारीख, वार, वेळ, ठिकाण आणि विषय लिहावेत. ती व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्यास हरकत नाही, परंतु घटनेत लेखी सूचना म्हटले असेल तर सूचना वही घरोघरी फिरवून सह्या घ्याव्यात. बदल अर्जाच्या वेळी याच सह्या कामी येतात. मंडळाचे उद्देश बदलायचे असतील, तर साध्या सभेत ते होत नाही: सभासदांना १० दिवस आधी प्रस्ताव पाठवावा लागतो, विशेष सभेत तीन पंचमांश मते लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत तितक्याच मतांनी त्यास पुष्टी द्यावी लागते.

कार्यवृत्त लिहिताना सर्वाधिक चुका होतात. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत असे वाक्य आहे: ‘मंडपाच्या विषयावर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ कोणता मंडप, किती रुपयांचा, कोणाकडून, हे त्यातून कळत नाही. देयक आले तेव्हा निम्मे सभासद म्हणाले, की आम्ही एवढ्या रकमेस होकार दिला नव्हता. तेच पुढे मी असे लिहू लागलो:

‘ठराव क्र. ४: शारदोत्सवासाठी ९ दिवसांच्या मंडपाची तीन दरपत्रके सभेपुढे उघडण्यात आली. २२,५०० रुपयांचे दरपत्रक सर्वांत कमी असल्याने ते स्वीकारण्यात यावे, ५,००० रुपये आगाऊ व उर्वरित रक्कम काम पूर्ण झाल्यावर धनादेशाने द्यावी, असे ठरले. सूचक व अनुमोदक यांची नावे पुढीलप्रमाणे. बाजूने १४, विरोधात २.’

विरोधातील मतेही लिहावीत. वहीची पाने छापील क्रमांकाची असावीत, मध्ये कोरी जागा सोडू नये, खाडाखोड झाल्यास एक रेघ मारून बाजूला सही करावी. सभा संपल्यावर दोन दिवसांच्या आत कार्यवृत्त पूर्ण करावे, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत ‘उद्या लिहू’ म्हटलेले कार्यवृत्त थेट संक्रांतीला लिहिले जाते आणि तोपर्यंत कोण काय बोलले, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

६. कोषाध्यक्षांची कामे

आमचे जुने कोषाध्यक्ष, ज्यांना सारा गाव दादाजी म्हणत असे, मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “पावती फाडल्याबिना पैसा हाती घेऊ नको, बापू.” कोषाध्यक्षाच्या कामाची सुरुवात येथूनच होते.

पावती पुस्तके क्रमांकासह छापून घ्यावीत आणि कोणते पुस्तक कोणत्या कार्यकर्त्याला दिले, त्याची नोंद ठेवावी. वर्गणीला नेहमी दोघांनी जावे. पावतीवर देणाऱ्याचे नाव, रक्कम अंकी व अक्षरी, तारीख आणि घेणाऱ्याची सही हवी. पावती चुकली तर ती फाडून फेकू नये. मूळ प्रत स्थळप्रतीला (पुस्तकात राहणाऱ्या प्रतीला) जोडून दोन्हींवर ‘रद्द’ लिहावे. एखादे क्रमांक गहाळ असलेले पुस्तक लेखापरीक्षकापुढे ठेवण्याची वेळ आली, की गेलेली रक्कम ५० रुपये असो वा ५,०००, संशय सारखाच येतो.

गावात वर्गणी केवळ पैशांत येत नाही. सप्ताहाच्या काल्यासाठी कोणी दोन पायल्या तूर डाळ देतो, कोणी गव्हाचा कट्टा आणतो, कोणी तेलाचा डबा देतो. वस्तुरूप देणगीचे वेगळे पावती पुस्तक असावे आणि उरलेल्या धान्याचे काय केले, ते ठरावात यावे. काल्यानंतर उरलेले अर्धे पोते गहू कोणाच्या घरी गेले, यावरून आमच्या गावात दोन भावकींमध्ये झालेला अबोला मी पाहिला आहे.

जमलेली रोकड त्याच संध्याकाळी दोघांनी मोजावी, नोटांचा तपशील लिहावा आणि बँकेच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरणा करावा. खाते मंडळाच्या नावाचे आणि मंडळाच्या पॅनचेच असावे. हल्ली क्यूआर कोडवर वर्गणी घेतली जाते. तो कोड कोषाध्यक्षांच्या वैयक्तिक खात्याचा असणे हा सध्याचा सर्वांत मोठा सापळा आहे. त्यात मंडळाचे पैसे आणि सोयाबीनच्या विक्रीचे पैसे एकत्र येतात आणि पुढे ते वेगळे करता येत नाहीत. मंडळाच्या खात्याचाच कोड बँकेकडून मागून घ्यावा.

शिलकीचा पैसा कोठे ठेवायचा, हेही कायद्याने ठरवलेले आहे. अनुसूचित बँक, टपाल बचत बँक किंवा शासनाने त्यासाठी मान्यता दिलेली सहकारी बँक येथे तो ठेवता येतो. अधिक व्याज देणारी गावची पतसंस्था ही बँक नव्हे. तसेच मंडळाच्या शिलकीतून पेरणीच्या वेळी कोणाला हातउसने पैसे देऊ नयेत, मागणारा कितीही अडचणीत असला तरी. हे सांगताना मन जड होते, कारण जूनमध्ये बियाण्यासाठी पैसा नसणे म्हणजे काय, ते आपण सर्व जाणतो. पण त्यासाठी चौघांनी स्वतःच्या खिशातून मदत करावी.

प्रत्येक खर्चामागे व्हाउचर आणि त्यास जोडलेले बिल असावे. बँडवाले, स्वयंपाकी, मजूर यांच्याकडे छापील बिल नसते, अशा वेळी कामाचा तपशील लिहून त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा.

आणखी एक नोंद बहुतेक ठिकाणी कोणीच ठेवत नाही, ती म्हणजे भांड्यांची. मंडळाचे मोठे गंज, झारे, सराटे, सतरंज्या गावातील लग्नांसाठी दिल्या जातात. आमच्या नोंदवहीत बारा गंज होते आणि प्रत्यक्ष मोजले तेव्हा नऊ निघाले. त्यानंतर आम्ही प्रत्येक गंजाच्या काठावर मंडळाचे नाव आणि क्रमांक कोरून घेतला व देवाणघेवाणीची वही उघडली: तारीख, नेणाऱ्याची सही, झाकणासह किंवा झाकणाविना, परत आल्याची तारीख, पोचे पडले असल्यास शेरा. पुढच्या लग्नसराईत एकही गंज हरवला नाही.

७. इतर पदे

उपाध्यक्षांनी अध्यक्षांच्या गैरहजेरीत सभा चालवावी आणि एरवी एखाद्या उपक्रमाची, उदाहरणार्थ वाचनालयाची किंवा क्रीडांगणाची, पूर्ण जबाबदारी घ्यावी. सहसचिवांनी कार्यवृत्त लिहिण्यास शिकावे, म्हणजे सचिव बदलले तरी काम थांबत नाही. कार्यकारिणी सदस्यांनी सभेला येणे आणि वाचल्याशिवाय सही न करणे, एवढे केले तरी पुष्कळ आहे.

८. उत्सवापूर्वीच्या परवानग्या

पोलीस ठाण्याची परवानगी, ग्रामपंचायतीचे ना हरकत पत्र आणि महावितरणची तात्पुरती वीजजोडणी या तिन्हींचे अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावेत. तारेवर आकडा टाकून रोषणाई करणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय भर पावसाळ्यात ओल्या मंडपात त्याने जीव जातो. याबाबत अध्यक्षांनी कोणाचीही भीड ठेवू नये. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासनाने सूट दिलेल्या मोजक्या दिवशीच ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढते, म्हणून आपल्या जिल्ह्यासाठीचे ते दिवस ठाण्यातून लेखी घ्यावेत. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते.

९. वर्षाचे वेळापत्रक शेतीच्या हंगामाशी जुळवा

कायद्यानुसार हिशोब ३१ मार्च रोजी मिटवायचा असतो आणि लेखापरीक्षण अहवाल त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ऑनलाइन दाखल व्हायला हवा. सप्टेंबरपर्यंत थांबल्यास एकीकडे गणपती आणि दुसरीकडे सोयाबीनवरची कीड, अशा धांदलीत कागद सापडत नाहीत. म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात व्हाउचर लावून पूर्ण करावेत, मे महिन्यात सनदी लेखापालांकडे दप्तर द्यावे आणि घटनेत वेगळी मुदत नसेल तर वार्षिक सर्वसाधारण सभा मृग लागण्यापूर्वी घ्यावी. त्या दिवसांत नोकरीसाठी नागपूर-पुण्यात गेलेले सभासदही लग्नांच्या निमित्ताने गावात असतात आणि गणसंख्या सहज पूर्ण होते.

सभेत जमाखर्च केवळ वाचून दाखवू नये. त्याची एक प्रत समाजमंदिराच्या भिंतीवर आठ दिवस लावावी. आम्ही ती लावली, त्या वर्षी पाच जणांनी प्रश्न विचारले आणि पुढच्या वर्षी वर्गणी नाकारणारी तीन घरे स्वतःहून पावती फाडण्यास आली.

१०. पद सोडताना

मुदत संपण्याच्या एक महिना आधी रोजकीर्द बंद करून शिल्लक पासबुकाशी जुळवावी, देणी-घेणी यांची यादी करावी आणि प्रलंबित अर्जांच्या क्रमांकांसह एक टिपण लिहावे. राजीनामा लेखी द्यावा. बँकेतील सह्यांचा नमुना बदलेपर्यंत नव्या पदाधिकाऱ्यांसोबत जाण्याची तयारी ठेवावी. सहसा दोन-तीन खेपा होतात. व्हॉट्सअ‍ॅप गटाचे व्यवस्थापकपद, मंडळाच्या ईमेलचा पासवर्ड आणि ऑनलाइन अहवाल दाखल करण्याच्या खात्याची माहिती पाकिटात घालून सचिवांकडे द्यावी. मग क्रमांक २ मधील तीच यादी काढावी, या वेळी देणाऱ्याच्या जागी स्वतःचे नाव लिहावे, आणि समाजमंदिराच्या किल्ल्या मोजून द्याव्यात. आमच्याकडे त्या चार आहेत; चौथी मागच्या दाराची असून ती नेहमी विसरली जाते.